घरात न येणारी झुरळं

झुरळं पाळतो असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोरीतलं झुरळ येतं. लांबलचक मिशांचं, लालसर तपकिरी, दिवा लावताच ओट्याखाली पळणारं. शास्त्रज्ञांनी त्याला ‘अमेरिकी’ ठरवलं असलं तरी ते मूळचं आफ्रिकेतलं, जहाजांतून जगभर पसरलेलं. दुसरं त्याहून लहान, मिक्सरच्या बुडाशी आणि फ्रिजच्या मागच्या बाजूला बिऱ्हाड करणारं, नावाने ‘जर्मन’. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्याचं मूळ भारत आणि म्यानमारच्या बाजूला शोधलं. साधारण २,१०० वर्षांपूर्वी इथल्याच एका रानटी जातीपासून ते वेगळं झालं. म्हणजे अमेरिकेचं म्हणून ज्याला झोडपतो ते अमेरिकेचं नाही, आणि जर्मनीच्या माथी मारलेलं निघालं आपल्याच बाजूचं.

जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. माणसाच्या घराशी संबंध ठेवणाऱ्या जाती त्यांतल्या तीसेक, आणि खरा उच्छाद मांडणाऱ्या तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. उरलेल्यांना आपल्या स्वयंपाकघरात काडीचा रस नाही. त्या पालापाचोळ्यात, झाडाच्या सालीखाली, कुजक्या लाकडात, गुहेत आणि वाळूत राहतात. आपल्या मनातली किळस मात्र त्या चार-पाच जातींनी कमावलेली आणि बाकीच्या हजारोंनी भोगलेली आहे. ही पुस्तिका त्या बाकीच्यांतल्या एका कुळाबद्दल आहे. माती-वाळूत अंग पुरून राहणाऱ्या या झुरळांच्या कुळाला कोरीडिइडी म्हणतात. त्यांतलं सगळ्यात देखणं आणि पाळायला सगळ्यात सोपं झुरळ भारतीय आहे.

त्याचं नाव थेरिया पेटिव्हेरिआना. इंग्रजी बोलणारे पाळणारे त्याला डॉमिनो म्हणतात, आपण सात ठिपक्यांचं झुरळ म्हणू. जेमतेम इंचभर लांबी, अंग गोलसर, रंग काळा कुळकुळीत आणि त्यावर पांढरे ठिपके. नीट पाहिलं तर डाव्या पंखावर चार ठिपके दिसतात, उजव्यावर तीन. उजव्याचा चौथा जिथे असायला हवा ती जागा डाव्या पंखाखाली झाकली जाते. दक्षिण भारतातल्या कोरड्या, झुडपी रानांत ते जमिनीवर वावरतं आणि ऊन चढलं की पाल्याखाली किंवा भुसभुशीत मातीत शिरतं. हा काळा-पांढरा वेश निव्वळ शोभेचा नाही. त्याच रानांत अँथिया सेक्सगुट्टाटा नावाचा मोठा भुंगेरा फिरतो. त्याच्या काळ्या पाठीवर सहा पांढरे ठिपके असतात आणि डिवचलं तर तो आम्ल फवारतो. झुरळाने या दांडगटाचा गणवेश उचलला आहे असं अभ्यासक मानतात. स्वतःचंही थोडं हत्यार त्याच्याकडे आहे: घाबरलं की फिनॉल आणि पॅरा-क्रेसॉल असलेला वास सोडतं. त्या वासाने आजूबाजूची भावंडंही सावध होतात.

याच्या नावामागची गोष्ट मला फार आवडते. जेम्स पेटिव्हर हा सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये औषधांचं दुकान चालवणारा गृहस्थ. स्वतः फारसा कुठे गेला नाही, पण जहाजांवरच्या डॉक्टरांना, व्यापाऱ्यांना पत्रं लिहून त्याने जगभरातून वनस्पती, शिंपले आणि किडे मागवले. मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जमध्ये सॅम्युअल ब्राउन नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा सर्जन होता. तो तिथल्या वनस्पती त्यांच्या स्थानिक नावांसह लंडनला धाडत असे. पेटिव्हर १७१८ साली वारल्यावर त्याचा संग्रह हान्स स्लोन यांनी विकत घेतला आणि पुढे स्लोन यांच्या संग्रहातून ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं. लिनिअसने १७५८ मध्ये या ठिपकेवाल्या किड्याला पेटिव्हरचं नाव दिलं, पण त्याला बसवलं मात्र कासव-भुंगेऱ्यांच्या पंगतीत, ‘कॅसिडा’ म्हणून. त्यात नवल नाही. आजही ज्याला हे झुरळ दाखवावं तो आधी भुंगेराच म्हणतो, आणि झुरळ आहे म्हटल्यावर हात मागे घेतो.

पुढे युरोपात झुरळं पाळणाऱ्यांची मंडळं निघाली. ब्रिटनमध्ये १९८६ साली ‘ब्लॅटोडिया कल्चर ग्रुप’ स्थापन झाला. या हौशी लोकांच्या काचेच्या पेट्यांत आपलं सात ठिपक्यांचं झुरळ पिढ्यान्‌पिढ्या वाढत आलं आहे. त्याचाच एक भाऊबंद, पाठीवर प्रश्नचिन्हासारखी पांढरी खूण असलेला थेरिया ओलेग्रँडजीनी, हाही भारतातलाच. शास्त्राच्या दफ्तरी त्याची नोंद व्हायला २००८ साल उजाडावं लागलं. आपल्याकडे मात्र झुरळाशी विद्यार्थ्याची गाठ पडत आली ती अकरावीच्या पुस्तकात, आणि तीही त्याच अमेरिकी झुरळाशी. माझ्या पिढीने तर मेणाच्या ट्रेमध्ये त्याला टाचण्या मारून मुखावयव वेगळे काढले, लाळग्रंथी शोधल्या आणि परीक्षेत पूर्ण गुण मिळवले. जिवंत झुरळ काय खातं, किती दिवस जगतं, पिलांना कशाची भीती वाटते, हे मला त्या काळात कुणी विचारलं असतं तर एक अक्षर सांगता आलं नसतं.

रायपुरात बसून असल्या विषयावर मराठीत का लिहायचं, असं विचारणारे भेटतात. इथे मराठी घरं भोसल्यांच्या राजवटीपासून आहेत, महाराष्ट्र मंडळ आहे आणि या घरांतल्या मुलांना मराठीतून वाचायला क्रिकेट आणि शिवाजी महाराज यांच्यापलीकडेही काही हवं असतं, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त पटतं. किडे पाळणं हा छत्तीसगडात परका प्रकार नाही. चांपा, रायगड, कोरबा या बाजूला कोसा, म्हणजे टसरचं रेशीम, होतो. अर्जुन आणि साजाच्या झाडांवर टसरच्या अळ्या सोडून त्यांची पक्ष्यांपासून आणि मुंग्यांपासून राखण करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. साजा म्हणजे आपला ऐन. पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवर लाख धरली जाते. रंगीनी आणि कुसुमी हे तिचे दोन वाण तर इथला शेतकरी पिकांच्या वाणांसारखे बोलण्यात आणतो. बस्तरच्या आठवडी बाजारात लाल मुंग्यांची चापडा चटणी पळसाच्या पानावर मिळते. कोश करणाऱ्या अळीसाठी रात्र जागवणाऱ्या प्रदेशात झुरळ पाळणं हास्यास्पद का ठरावं? कोसा विकला जातो आणि झुरळ विकलं जात नाही, हा फरक मला मान्य आहे. आमच्या शेजारच्या काकूंनाही एवढाच मान्य आहे. “सर, त्यातून निदान साडी तरी निघते,” असं त्या म्हणाल्या.

या पुस्तिकेत सांगायचं आहे ते थोडक्यात असं: पाळायची ती माती. माती जमली तर झुरळं आपोआप राहतात, आणि माती बिघडली तर कितीही महाग खाद्य घातलं तरी उपयोग नाही. पिलं जवळजवळ सगळं आयुष्य मातीखाली काढतात. अंडी घट्ट, तपकिरी डबीत बंद असतात आणि मादी त्या डब्या एकेक करून मातीतच टाकते. पिलाला प्रौढ व्हायला साधारण वर्ष लागतं आणि पंख फुटलेलं झुरळ त्यानंतर काही महिनेच जगतं. थोडक्यात, ज्या ठिपक्यांसाठी आपण पेटी आणली ते वर्षातला बराच काळ दिसतच नाहीत. दिसते ती मातीने भरलेली पेटी. ज्यांना रोज काहीतरी हलताना बघायचं आहे त्यांनी मासे पाळावेत.

छत्तीसगडी शेतकऱ्याची मातीची भाषा या कामी फार उपयोगी पडते. उंचावरची लालसर, खडीची मुरमाड जमीन म्हणजे भाठा. तिच्या खाली पिवळसर, रेतीमिश्रित मटासी, मग डोरसा, आणि सखल भागात काळी चिकण कन्हार. कन्हार पेटीत घालू नये. ओली असताना ती लिबलिबीत होते, वाळली की भेगाळते, आणि त्या भेगांत अंड्यांच्या डब्या उघड्या पडतात. भाठ्यातले खडे कोवळ्या पिलांना नडतात. मटासी चाळून घ्यावी, तिच्यात महानदीची धुतलेली रेती आणि नर्सरीत मिळणारा नारळाचा भुसा मिसळावा, आणि वर कुजायला लागलेल्या पानांचा जाड थर द्यावा. चार बोटं खोली ही कमीत कमी, वीतभर असेल तर उत्तम. पानं साल, पळस, बेहडा, आंबा कशाचीही चालतात. अट एकच की झाडावर फवारणी झालेली नसावी. भाताच्या बांधावरचा पाला म्हणूनच मी घेत नाही. मेच्या उन्हात गच्चीवर पसरून ठेवला की पाल्यातले बहुतेक आगंतुक प्राणी मरतात.

ओलावा हे खरं कसब. सगळी पेटी ओली केली तर बुरशी येते, सगळी कोरडी ठेवली तर अंडी सुकतात. म्हणून एका कोपऱ्यात पाणी घालावं आणि दुसरा कोपरा कोरडा राहू द्यावा. झुरळाला काय हवं ते झुरळ ठरवतं. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोटांना पाणी लागू नये, एवढा ओला कोपरा पुरे.

हे ओल्या-कोरड्याचं प्रकरण किती खोल आहे हे पाहायचं तर अमेरिकेच्या वाळवंटातल्या एका भावकीकडे जावं लागतं. अ‍ॅरेनिव्हागा हे त्या झुरळांचं नाव. कॅलिफोर्नियाच्या वाळूच्या टेकड्यांत त्यांची पिलं आणि बिनपंखी माद्या वाळूच्या पृष्ठभागाखालून सरपटत जातात आणि वर एक उंचवटलेली रेघ उमटत जाते. दिवसा वाळू इतकी तापते की वर थांबणं म्हणजे मरण. तेव्हा ती खोल उतरतात, जिथे हवा थंड आणि दमट असते. १९६६ मध्ये एडनी या शास्त्रज्ञाने दाखवलं की हे झुरळ पाणी न पिता, हवेतली वाफच शोषून घेतं. हवेची आर्द्रता साधारण ८२ टक्क्यांच्या पुढे गेली की झालं. पंखवाल्या नरांना हे जमत नाही. फक्त पिलांना आणि माद्यांना. शोषण कुठून होतं याचा पत्ता १९७७ मध्ये ओडॉनेल यांनी लावला. तोंडातून दोन बारीक फुगे बाहेर येतात, त्यांवर सूक्ष्म केसांची दाटी असते आणि वाफ तिथे पाणी होऊन बसते. तहान लागल्यावर जीभ काढून हवा पिणारा प्राणी कुणी गोष्टीत लिहिला असता तर आपण हसलो असतो.

आपल्या ठिपकेवाल्याला असली करामत येते असं मी म्हणत नाही. पण वाळूत राहणाऱ्या झुरळाला खोली हवी, ओलाव्याचे थर हवेत आणि वरचा भाग कोरडा हवा, हे अ‍ॅरेनिव्हागामुळे नीट समजतं. रायपूरचं वर्षही असंच थराथरांचं आहे. मे महिन्याच्या शेवटी नौतपा लागतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यापासूनचे ते नऊ दिवस. तेव्हा पारा ४५ च्या आसपास रेंगाळतो आणि लू घराच्या फटींतून आत येते. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत ठेवलेली पेटी अशा दिवसांत एका दुपारी संपू शकते. पेटी जमिनीलगत, घराच्या आतल्या खोलीत ठेवावी. कूलर चालत असेल तर त्याच खोलीत; कूलरची हवा दमट असते आणि एसीची कोरडी. कुणाकडे मातीची पसरट नांद असेल तर पेटी तिच्यात ठेवून भोवती ओली रेती भरावी. पाणी उडतं, नांद गार राहते. जूनच्या मध्यानंतर पाऊस आला की संकट उलट्या बाजूने येतं. बुरशी, बारीक पांढरे माइट आणि फळांवरच्या माश्या. मग पाणी घालणं जवळजवळ बंद करायचं, शिळं खाद्य रोज काढायचं आणि झाकणाची जाळी मोठी करायची. मातीत स्प्रिंगटेल नावाचे इवलेसे पांढरे जीव सोडले तर ते बुरशी खाऊन टाकतात. हा उपाय मला सगळ्यात सज्जन वाटतो.

मुंग्यांचं वेगळं सांगायला हवं. मुंग्यांनी एकदा पेटीचा पत्ता काढला की पिलं वाचत नाहीत. कोसा राखणाऱ्यांचाही हाच मोठा शत्रू. आपल्या आज्या दुधातुपाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायच्या. तोच उपाय इथे चालतो. फक्त वाट्यांतलं पाणी आठवड्याला बदलावं, नाहीतर झुरळं वाचवताना डास वाढवल्याचं पाप लागेल. डासांवरून आठवलं: मच्छर मारण्याचं लिक्विड, कॉइल किंवा गल्लीत येणारी धुराची गाडी, यांतलं कुठलंही किड्यांमध्ये भेदभाव करत नाही. धुराच्या गाडीचा आवाज आला की पेटी आतल्या खोलीत न्यावी, खिडक्या लावाव्यात आणि झाकणावर ओला टॉवेल टाकावा.

खाण्याचे लाड फार नाहीत. कुजका पाला हे मुख्य अन्न. वर गाजराचा तुकडा, केळं, सफरचंद, थोडं कुत्र्याचं किंवा माशांचं कोरडं खाद्य. प्रौढ झुरळांना फळ विशेष आवडतं. पिलांना गुळगुळीत काचेवर चढता येत नाही, प्रौढ थोडे उडतात, म्हणून झाकण पाहिजेच. आणि ही झुरळं सुटली तर घरभर होतील, अशी भीती घरातल्या मोठ्यांना असते. तिचं उत्तर असं की ओली माती आणि पाला नसेल तिथे यांची वंशवाढ होत नाही. फरशीवर, सिंकखाली, कपाटात ती सुकून मरतात. मोरीतल्या झुरळाला हीच जागा मानवते, याला नाही.

एक धोका मात्र खरा आहे आणि हौशी लोक तो लपवतात. झुरळांच्या विष्ठेतली आणि अंगावरून गळणाऱ्या कातीतली काही प्रथिनं दमा आणि अ‍ॅलर्जी वाढवतात. घरगुती झुरळांच्या बाबतीत हे चांगलंच सिद्ध झालेलं आहे. पाळीव जाती स्वच्छ असल्या तरी झुरळच आहेत. ज्या घरात दम्याचं मूल आहे तिथे ही पेटी ठेवू नये. बाकीच्यांनी कोरडी माती बदलताना तोंडाला मास्क लावावा आणि ते काम गच्चीवर करावं.

परदेशी जातींचा मोह अनेकांना होतो. मादागास्करचं फुसफुसणारं झुरळ, किंवा ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधलं गेंडा-झुरळ. हे दुसरं ३५ ग्रॅमपर्यंत भरतं, जमिनीत मीटरभर खोल बीळ करतं, दहा वर्षं जगू शकतं आणि त्याची आई पिलांसाठी सुकी पानं बिळात ओढून आणते. वाचायला सुंदर आहे, मागवायला नाही. परदेशी सजीव बेकायदा आणणं हा गुन्हा आहे, आणि दुसऱ्या मुलखातला किडा इथल्या मातीत सुटला तर काय होईल हे सांगायला कुणी धजणार नाही. उलट दिशेचीही काळजी घ्यावी. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय एक किडाही उचलता येत नाही. २००८ मध्ये दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात दोन चेक कीटक-अभ्यासकांना याच कारणासाठी अटक झाली होती आणि पुढे शिक्षाही झाली. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. इथले जीव परदेशी व्यक्तीला परस्पर पाठवणंही त्यात बसत नाही. म्हणून बारनवापारा अभयारण्यात सहलीला गेल्यावर डबी खिशात ठेवून येऊ नका. ज्याच्याकडे आधीच पेटी आहे त्याच्याकडून पाच-सहा पिलं घ्या.

आणि वाढली की द्या. वाढतात, कारण जमलेल्या मातीत ती वाढतातच. जास्त झालेली पिलं बाहेर, बागेत, तलावाकाठी सोडू नयेत. रायपूरच्या आसपास ती मुळात होती की नाही हे तुम्ही ठरवू नका. देताना डब्यावर चिठ्ठी चिकटवावी: जात, कुणाकडून घेतली आणि मूळ रान कुठलं ते माहीत असेल तर ठिकाण. माहीत नसेल तर ‘ठिकाण माहीत नाही’ असंच लिहावं. थेरियाच्या दोन जाती एका पेटीत ठेवू नयेत, कारण संकर झाला तर पुढच्या माणसाला आपल्या हातात नेमकं काय आहे ते सांगता येणार नाही. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी अशा चिठ्ठीचा नमुना दिला आहे, तो कापून वापरायला हरकत नाही.